छत्तीस, एकशे चव्वेचाळीस, पाचशे साडेपंच्याहत्तर!

शार्ल कूलॉमचा १७८५ सालचा निबंध मी काल रात्री वाचून काढला आणि सकाळपासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय! दोन विद्युतप्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे सूत्र आपण बारावीला घोकलेलं असतं. पण ज्या मोजणीवर ते उभं राहिलं ती निबंधात केवढी आहे, माहितीये? तीन मापनं! आणि ताळा तोंडी करता येतो!

आधी ते यंत्र डोळ्यांपुढे आणा. फूटभर रुंद आणि तेवढंच उंच काचेचं भांडं, त्यावर दोन फुटी काचेची नळी. नळीतून केसाहूनही बारीक चांदीची तार खाली सोडलेली. तारेला आडवी टांगलेली काडी आणि काडीच्या एका टोकाला एल्डर झाडाच्या गराची, आपल्या भेंडासारखी हलकी गोळी. तिला टेकून तशीच दुसरी गोळी, पण ही घट्ट बसवलेली. लाखेच्या कांडीत खोचलेली मोठ्या डोक्याची टाचणी प्रभारित करून आत सोडायची आणि गोळीला टेकवायची. दोघींना सारखाच प्रभार मिळतो आणि टांगलेली गोळी झटकन दूर पळते! तारेला पीळ बसतो. तार किती पिळली की किती जोर लागतो, हे या लष्करी इंजिनिअरने आदल्याच वर्षी मांडलं होतं. म्हणजे पीळ वाचला की बल कळलं!

पहिल्यांदा गोळी ३६ अंशांवर थांबली, पीळही ३६. मग त्याने वरून तार १२६ अंश पिळली. गोळी १८ अंशांवर आली; एकूण पीळ १२६ अधिक १८, म्हणजे १४४. अंतर निम्मं, बल बरोब्बर चौपट! मी वहीत हे लिहिलं आणि ताडकन उठून उभा राहिलो. तिसऱ्यांदा ५६७ अंश पीळ दिला. गोळी साडेआठावर, एकूण ५७५.५. नऊ अंशांना ५७६ यायला हवेत! साडेआठला खरं तर आणखी हवेत, पण प्रभार हवेत सतत गळत असतो आणि कूलॉमला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने हे सगळं दोनेक मिनिटांत उरकलं.

प्रभाराचं गणित त्याहून सोपं. प्रभारित गोळीला तशीच कोरी गोळी टेकवा, प्रभार निम्मा वाटला जातो आणि बल निम्मं होतं. दोन्हींचा प्रभार निम्मा केलात तर पाव.

आणि हे बल आहे तरी केवढं! एकेक कूलॉमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवता आले, तर ते एकमेकांना नऊ अब्ज न्यूटनने ढकलतील. नऊ लाख टनांचं वजन! हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०³⁹ पट आहे. एकावर एकोणचाळीस शून्यं! तरी गुरुत्वाकर्षणही अंतराच्या वर्गानेच घटतं. नियम तोच, ताकदीत एवढी तफावत!

आता कॅव्हेंडिश वाचायला घेतलाय. त्याने १७७३ च्या सुमारासच पोकळ गोलाच्या आत प्रभार उरत नाही एवढ्यावरून हाच नियम काढला होता आणि छापलाच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने ते कागद प्रसिद्ध केले. काहीच सापडत नाही, यावरून नियम! तो कसा निघतो ते आज रात्री वहीत मांडून बघणार आहे.