रणगाड्याची मागची बाजू

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा मावशीने फोनवर विचारलंच, "लिहिणं सोडलंस का रे?" सोडलं नाही मावशी, हात पुट्टीने भरलेले असायचे :-)

गेली दोन वर्षं आष्टीच्या घरी, ओसरीच्या कोपऱ्यात, मी एक रणगाडा बांधतोय. सेंच्युरियन, रिमोटवर चालणारा. प्रमाण दहाला एक. खरा साधारण ३.४ मीटर रुंद, माझा ३४ सेंटीमीटर. हिशोब सोपा जावा म्हणूनच हे प्रमाण घेतलं. वजनाचं मात्र तसं नसतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी केल्या की वजन हजारपट उतरतं; म्हणजे पन्नासेक टनांचे पन्नासेक किलो. माझा एकोणीस किलो भरला. तेवढाही उचलताना कंबर बोलते.

हे खूळ नगरचं. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्याकडे एस.टी.त बसताना अजून नगरच म्हणतात.) तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी काका मला तिथे घेऊन गेले. काका तेव्हा नुकतेच फौजेतून रिटायर होऊन आले होते. मी प्रत्येक रणगाड्यापुढे उभा राहून तोफेकडे मान वर करून बघत होतो. काका काय बघत होते, ते मला आठवत नाही.

मॉडेल मात्र साध्या सेंच्युरियनचं नाही, 'फामागुस्ता'चं आहे. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय वर्षं एकवीस. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, सोडून बाहेर ये असा हुकूम झाला, पण तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी तो सोडला नाही. तिथेच ते गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. नंतर तो रणगाडा नगरलाच, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात, जपून ठेवला गेला. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर! तर असं सगळं डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाकडून एकही बारकावा सुटू नये, अशी माझी जिद्द होती.

तयार किट या मापात परवडण्यासारखं नाही, म्हणून सगळं घरचंच. प्लायमधून होल-सॉने कापलेल्या चोवीस चकत्या म्हणजे चाकं. एका बाजूला सहा जोड्या. पट्ट्याला मोटारसायकलच्या चेन, त्यावर रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. भंगारातून आणलेल्या दोन वायपर मोटर, एका पट्ट्याला एक. वळायचं असलं की एक थांबवायची. या मोटरचा गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे चढावर मध्येच थांबवला तरी गडी घरंगळत मागे येत नाही. टरेटच्या दोन्ही अंगांना धुराचे गोळे सोडायच्या सहा-सहा नळ्या असतात, त्या स्केचपेनच्या केल्या. ओढायची तार म्हणजे क्लचवायर. बाजूच्या पेट्या गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून. वेल्डिंगचा फुगीर सांधा दाखवायला एम-सीलची बारीक वळी करून टूथपिकने टोचत बसायचं. दोन तासांत वीतभर होतं. सगळ्यात जास्त छळलं ते टरेटने. खरा ओतीव पोलादाचा, म्हणजे अंगावर खरखर हवी, आणि मी आधी घासून घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला! मग ओल्या पुट्टीवर जुन्या टूथब्रशने ठोकून ती खरखर परत आणली.

मापांसाठी नगरच्या चार खेपा केल्या. पुतण्याला रणगाड्याशेजारी उभं करून फोटो काढायचे. त्याची उंची ठाऊक असली की फोटोवरून बाकी माप निघतं. इंग्रजी पुस्तकं मागवली. ब्रिटिशांनी आत चहाचं पाणी उकळायचं भांडंसुद्धा बसवलं होतं, हे मला पाठ होतं.

दिवाळीत रंगाचा पहिला हात झाला आणि काकांना ओसरीत खुर्ची टाकून दिली. काकांना आता कमी ऐकू येतं, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय. मी रणगाडा चालवून दाखवला, टरेट फिरवला, तोफ वर-खाली केली. काकांनी हाताने खूण केली, फिरव. मागची बाजू समोर आली तशी ते वाकले आणि बोटाने चाचपू लागले.

"फोनचा डबा कुठंय?"

"कसला डबा?" मी ओरडून विचारलं.

"अरे, आमचा. मागं असतो ना."

मी गप्पच झालो. सेंच्युरियनच्या पाठीवर पायदळासाठी टेलिफोनचा डबा असतो. बाहेर चालणाऱ्या जवानाने त्यातून आतल्या माणसांशी बोलायचं. काका पायदळातले. सरावात ते या रणगाड्यांच्या मागून चालले होते. "आतल्याला बाहेरचं काय ऐकू येतंय? इंजिन केवढं बोंबलतंय! वरून ओरडून घसा फुटला तरी त्याला पत्ता नसायचा," ते म्हणाले. "समोरून आम्ही कधी बघितलाच नाही त्याला. धूळ खायची न् मागं चालायचं. थंडीत हात शेकायला बरा."

दोन वर्षं! काका शेजारच्या खोलीत झोपत होते आणि मी परदेशी पुस्तकांची पानं उलटत होतो. ते काही टँकवाले नव्हेत, असं मीच ठरवून टाकलं होतं. माझ्या चार खेपांचे फोटो काढून पाहिले. दोनशेच्या वर, आणि मागून काढलेले फक्त तीन, त्यातही एकात पुतण्याच मध्ये उभा.

"केवढा होता?" मी विचारलं. काकांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. मी टेप आणून मधलं अंतर मोजलं. तीस सेंटीमीटर. त्यांनी हात तसेच धरून ठेवले होते, मी लिहून घेईपर्यंत.

तीन सेंटीमीटरचा डबा पत्र्याचा केला, आत इअरफोनची वायर विणायच्या सुईवर गुंडाळून कॉर्ड. गेल्या रविवारी चिकटवून दाखवला. काकांनी नखाने झाकण उचकटून पाहिलं.

"उघडत नाही का?"

झाकण मी फेविक्विकने बंद करून टाकलं होतं. आता ते खरवडून काढलंय. टाचणीची बिजागरी बसवतोय, पण टाचणी जाड पडतेय.