बोट लागते तेव्हा

उशुआया, ८ जानेवारी

ती. आईस,


अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या या गावातून आज संध्याकाळी आमची बोट सुटेल. समोर बीगल खाडी आहे, पाणी अगदी तळ्यासारखं. रात्री खाडी संपली की ड्रेक सामुद्रधुनी लागेल. केप हॉर्नपासून अंटार्क्टिकाच्या बाजूच्या साउथ शेटलंड बेटांपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर उघडा समुद्र. तो ओलांडायला दोन दिवस लागतात.

निघताना तुझा पहिला प्रश्न होता, "तुला बोट लागली तर गं?" त्यामागे तुझी वेंगुर्ल्याची बोट होती, हे मला लगेच कळलं. भाऊच्या धक्क्यावरून लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालीस, डेकवर वळकटी पसरलीस आणि रात्रभर उलट्या झाल्या. त्यानंतर सासरी सगळे तुला "नाजूक" म्हणू लागले. तू बोटीचं नाव टाकलंस, आणि कितीतरी वर्षं एस.टी.चे हाल सोसून घाटातून माहेरी गेलीस. तो शब्द तू आजही स्वतःबद्दल वापरतेस. म्हणून या प्रवासात जे कळेल ते तुला लिहायचं ठरवलंय.

पहिली गोष्ट या खाडीचीच. जिच्यावरून हिला नाव मिळालं त्या 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं चार्ल्स डार्विन होता. जेमतेम सत्तावीस मीटर लांबीचं जहाज, आणि त्याला बोट लागायची ती शेवटपर्यंत. खूप झालं की झुल्यात आडवा पडायचा आणि बेदाणे खायचा, तेवढेच पोटात ठरायचे. तरी त्याने ती सफर पुरी केली. त्याला नाजूक कोण म्हणेल?

सुधीरने आणि मी खोली मुद्दाम खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घेतली आहे. बागेतल्या सी-सॉसारखंच ते. टोकाला बसणारा सर्वांत जास्त वरखाली होतो, मधला जवळजवळ जागच्या जागी राहतो.

तुझी
सुधा

*

ड्रेक सामुद्रधुनी, १० जानेवारी

ती. आईस,

आज पेन हातात धरवतंय. काल दिवसभर धरवलं नाही.

परवा मध्यरात्री खाडी संपली, ते झोपेतच कळलं. आधी टेबलावरचा ग्लास सरकला, मग सगळी खोलीच एका कुशीवर कलली आणि थांबून दुसऱ्या कुशीवर आली. सकाळी पाहिलं तर बाहेरचे डेक बंद केलेले, बोळांतल्या कठड्यांमागे ओळीने कागदी पिशव्या खोचलेल्या, जेवणघरातले टेबलक्लॉथ ताटं घसरू नयेत म्हणून ओले केलेले. चालताना एक हात कायम कठड्यावर ठेवा, असं खलाशी प्रत्येकाला बजावत होते. सुधीरला काहीही झालं नाही, तो पोटभर जेवला. मला दहाच्या सुमारास जांभया सुरू झाल्या, मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळाला गार घाम आला, आणि पुढचं तुला माहीतच आहे.

इथला समुद्र असा का, ते बोटीवरच्या व्याख्यानात सांगितलं होतं. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेही जमीन आडवी येत नाही. पश्चिमेचा वारा अडवायला काही नाही, त्यामुळे लाटांना वाढायला हवी तेवढी मोकळी वाट मिळते. अंटार्क्टिकाभोवती फिरणारा पाण्याचा प्रचंड प्रवाहही याच चिंचोळ्या जागेतून जातो.

बोट एकाच तऱ्हेने हलत नाही. कुशींवर डोलते, पुढची नाळ वर उचलून खाली आपटते, आणि सगळीच्या सगळी लाटेवर चढते, उतरते. डोलणं कमी करायला तिच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख निघतात. बर्फात शिरताना ते आत ओढून घेतात. पण नाळेचं उचलणं-आपटणं आणि वरखाली होणं यांवर त्या पंखांचा फारसा इलाज नाही, आणि माणसाला सर्वांत त्रास होतो तो या वरखाली होण्याचाच. पाच-सहा सेकंदांत एकदा अशी संथ लय असेल तर तो जास्तीत जास्त होतो. काल पडल्या पडल्या मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, नेमकी तीच लय होती. तू रोज दुपारी झोपाळ्यावर तासभर बसतेस आणि तुला काही होत नाही. झोपाळ्याचा हेलकावा अडीच-तीन सेकंदांचा असतो, आणि तो तू आपल्या पायाने देतेस. कोणता हेलकावा कधी येणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं.

बोटीवरच्या डॉक्टरबाई काल संध्याकाळी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, हेलकावे सुरू होण्याआधी घ्यायची. मी उशीर केला होता. मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि डोळे मिटून उताणं पडायला सांगितलं. तू दिलेला आलेपाक आज सकाळी चघळला, तो पोटात राहिला.

तुझी
सुधा

*

पोर्ट लॉक्रॉय, १३ जानेवारी

ती. आईस,

हे पत्र अंटार्क्टिकाच्या पोस्टात टाकते आहे. १९४४ साली ब्रिटिशांनी उभारलेल्या तळाच्या जागी इथे आता संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस आहे, आणि दाराशी जेंटू पेंग्विनांची वस्ती. पत्रं आधी फॉकलंड बेटांवर जातात, तिथून इंग्लंडला, मग पुढे. तुझ्या हातात पडेपर्यंत मी घरी आलेली असेन.

इथे पाणी शांत आहे. बोट दूर नांगरते आणि रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. होडीत उतरताना खलाशाचं मनगट धरायचं आणि त्याने आपलं, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. वेंगुर्ल्याला बोटीतून होडीत उतरताना तुझं मनगट असंच कुणीतरी धरलं असेल.

कालपासून मला काही वाटत नाही. भूक परत आली. डॉक्टरबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याचं सांगतात. शेजारी दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, ज्याचा आपल्या किनाऱ्यावरचा शिंपला बनतो तेच द्रव्य. तोल कुठे आहे, वर जातोय की खाली, ते या कणांवरून कळतं. खोलीत बसलं की डोळे म्हणतात भिंत स्थिर आहे, कान म्हणतो आपण हलतोय. हा मेळ बसत नाही, म्हणून पोट ढवळतं. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिलं की डोळ्यांनाही हलणं दिसतं आणि भांडण शमतं. तुझी आई तुला "किनाऱ्याच्या दिव्याकडे बघत राहा" म्हणायची ना? ते बरोबरच होतं.

आणखी एक ऐक. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये मूकबधिर माणसांचा अभ्यास केला. ज्यांच्या अंतर्कर्णाचं काम बंद होतं अशांना गरगर फिरवलं तरी भोवळ येत नव्हती, आणि बोटही लागत नव्हती. म्हणजे बोट लागते ती कान धड असलेल्याला. तुझा कान चोख काम करत होता.

तुझी
सुधा

*

उशुआया, १९ जानेवारी

ती. आईस,

परत जमिनीवर आलो. येताना ड्रेकमध्ये लाटा पहिल्यापेक्षा उंच होत्या, पण या वेळी गोळी आधी घेतली होती आणि मुख्य म्हणजे शरीर शिकलं होतं. बहुतेकांना त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. पुढची हालचाल कशी येणार याचा अंदाज मेंदू बांधू लागतो आणि कान-डोळ्यांचा मेळ बसतो. मी दोन्ही दिवस डेकवर उभी होते. एक अल्बट्रॉस बोटीमागून येत होता, ताणलेले पंख, एकदाही न फडफडवता. दोन टोकांत तीन मीटरहून जास्त अंतर भरेल असा पक्षी. वाऱ्यावर राहणारा तो जीव पाहिला आणि तुझी फार आठवण झाली.

आता हॉटेलात बसून लिहिते आहे आणि फरशी हलते आहे. अंघोळीला डोळे मिटले तर भिंत धरावी लागली. मेंदूने बोटीचा हेलकावा शिकून घेतला, तो एक-दोन दिवस जमिनीवरही चालू ठेवतो.

तेव्हा तुझी गोष्ट आठवली. बोटीतून उतरून माहेरी पोहोचलीस आणि रात्री अंगण हलतंय म्हणालीस. आजीला वाटलं दृष्ट लागली, तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. सासरी ही हकीकत कळली तेव्हा नाजूकपणाचा आणखी एक दाखला म्हणून ती सांगितली गेली.

आई, त्या एका रात्रीत तुझं शरीर समुद्र शिकायला लागलं होतं. अंगण हलत होतं ते त्यामुळे. आणखी दोन दिवस बोटीत मिळाले असते तर तू डेकवर उभी राहून किनारा बघत गेली असतीस. तेवढे दिवस तुला कुणी दिले नाहीत, आणि शिकणाऱ्या शरीराला नाजूक ठरवलं.

दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मांडव्याच्या बोटीत बसू. तासाभराचा रस्ता आहे. गोळी मी आधी देईन, बाहेर बाकावर बसू, आणि तू किनाऱ्याकडे बघायचंस.

तुझी
सुधा