पेटीतला भरवसा

'मॅगझिन' हा शब्द उच्चारला की आम्हा भाषेच्या प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे महाविद्यालयाचा वार्षिक अंक उभा राहतो: प्राचार्यांचे मनोगत, विद्यार्थ्यांच्या कविता आणि एनसीसीच्या पथकाचे एक धूसर छायाचित्र. त्या छायाचित्रातल्या मुलामुलींना मात्र या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक जवळचा असतो. त्यांच्या लेखी मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखाली बसणारी काडतुसांची पेटी. दोन्ही अर्थ एकाच घरचे आहेत. मुळातला अरबी शब्द कोठाराचा वाचक. त्याच धातूतून आपल्याकडे 'खजिना' आला आणि युरोपातून फिरून इंग्रजीत 'मॅगझिन' पोहोचला. लंडनमध्ये १७३१ साली एडवर्ड केव्ह याने 'जंटलमन्स मॅगझिन' काढले, तेव्हा मजकुराचे कोठार अशीच कल्पना त्यामागे होती. आमच्या मुंबईत रे रोडजवळ 'दारूखाना' आहे. नावात बंदुकीची दारू राहिली. वस्ती मात्र जहाजे तोडणाऱ्यांची, भंगारवाल्यांची आणि सुटे भाग विकणाऱ्यांची झाली. या शब्दाचा सुट्या भागांशी असा संबंध जुळलेला पाहून मला त्या वेळी गंमत वाटली होती. पुढे त्या गमतीमागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे हे ध्यानात येत गेले.

निमित्त झाले ते टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाचे. मातीच्या तबकड्या उडवून त्यांवर नेम धरण्याचा खेळ तो हौसेने खेळतो. त्यातूनच त्याने सायगा-१२ ही रशियन बनावटीची, आपोआप पुढचे काडतूस घेणारी छऱ्याची बंदूक विकत घेतली. बंदुकीबरोबर आलेल्या पेटीत पाच काडतुसे मावत. त्याने दहा काडतुसांची पेटी एका तिसऱ्याच उत्पादकाकडून मागवली. दिसायला ती मूळ पेटीहून देखणी होती. चालवताना मात्र दर चार-पाच बारांनंतर काडतूस अडके. फोनवर तो वैतागून म्हणाला, "अरे, बंदूक साडेसातशे डॉलरची आणि तिचा जीव तीस डॉलरच्या डब्यात!"

अशा 'बाहेरच्या' पेट्यांचा बाजार अमेरिकेत फोफावला, त्यास तिथला कायदाही कारणीभूत आहे. १९९० सालच्या एका तरतुदीनुसार, परदेशातून शिकारीच्या रूपात आलेल्या अशा बंदुकीत बदल करून तिला लष्करी वळण द्यायचे असेल, तर यादीतील वीस सुट्या भागांपैकी दहापेक्षा अधिक परदेशी असता कामा नयेत. मॅगझिनची पेटी, तिच्या आत काडतुसांना वर ढकलणारा तुकडा आणि तळाची पट्टी हे त्या यादीत तीन वेगळे भाग गणले जातात. म्हणजे देशी बनावटीची एक पेटी लावली की तीन भागांचा हिशेब मिटतो. कायद्याने गिऱ्हाईक निर्माण केले. पेटी चालते की नाही, हे पाहणे त्याच्या कक्षेत नव्हते. पुढे २०१४ साली कलाश्निकोव्ह उद्योगसमूहावर अमेरिकेने निर्बंध घातले, नव्या सायगा येणे थांबले, आणि असलेल्या बंदुकांना तिसऱ्यांच्या पेट्यांवर अधिकच विसंबावे लागले.

काडतूस अडकते का, हे समजून घेण्यासाठी त्याची घडण पाहावी लागते. बारा बोअरच्या काडतुसाचे अंग प्लॅस्टिकचे असते आणि बुडाला धातूची टोपी. त्या टोपीची कड अंगापेक्षा बाहेर आलेली असते. एकावर एक काडतुसे रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली, तरच वरचे काडतूस विनासायास पुढे सरकते. ती मागे राहिली की दोन कडा एकमेकींत गुंततात आणि बंदूक मुकी होते. शिवाय प्लॅस्टिकचे अंग मऊ. भरलेली पेटी महिनोन्महिने तशीच ठेवली तर स्प्रिंगच्या दाबाने काडतुसे चपटतात. पेटीच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे दोन ओठ असतात. ते जरा अधिक मिटलेले असले तर काडतूस सुटत नाही. जरा अधिक उघडे असले तर वेळेआधी सुटते. बिघाड आणि सुरळीतपणा यांतील अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजावे लागते.

हा अंशाचा खेळ मला नीट उमगला तो चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत. आमच्या इमारतीतील एका शेजाऱ्यांचा तिथे प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा आहे. बाटल्यांची झाकणे, मिक्सरची बटणे, स्कूटरचे बारीकसारीक भाग असा माल ते काढतात. मावसभावाचे गाऱ्हाणे ऐकून ते हसले. "सर, नमुना बघून डाय बनवली असणार," ते म्हणाले. मग त्यांनी समजावले: तापलेला प्लॅस्टिकचा रस साच्यात थंड होताना आकसतो. दाण्याच्या जातीनुसार हे आकसणे कमीअधिक असते. पॉलिकार्बोनेटचे शेकड्याला अर्ध्याच्या आसपास, साध्या नायलॉनचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. मूळ कारखानदार साचा तेवढा मोठा धरतो. नक्कल करणारा तयार वस्तू मोजतो. दाणा कोणता होता, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते. त्यातून पुन्हा वापरलेला दाणा मिसळला तर वस्तू दिसते तशीच, पण ठिसूळ होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ नकाशात प्रत्येक मापापुढे सूट लिहिलेली असते, किती कमी चालेल आणि किती जास्त. नक्कल करणाऱ्याच्या हाती पडलेला एकुलता नमुना त्या सुटीच्या कोणत्या टोकाचा आहे, हे त्या नमुन्यावर लिहिलेले नसते.

मला हे फार मोलाचे वाटले. आकार डोळ्यांना दिसतो, म्हणून तो उचलता येतो. त्या आकारामागील कारण नकाशात आणि चाचणीच्या वहीत असते, ते उचलता येत नाही. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी वापरतात त्या गाईडांचेही असेच आहे. उत्तराची बाह्य रचना तीत बिनचूक असते. प्रश्न थोडा फिरवून विचारला की ती अडकते.

येथवर निष्कर्ष सोपा वाटतो: मूळ ते खरे, नक्कल ती खोटी. कांदिवलीत तर तो अधिकच पटावा. आकुर्ली रस्त्यावर महिंद्रांचा वाहनांचा कारखाना आहे, पलीकडे लष्कराच्या आयुध भांडाराची लांबच लांब भिंत आहे, आणि रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, "ओरिजिनल टाकू की लोकल?" या परिसरात 'ओरिजिनल' या शब्दाला जवळजवळ धार्मिक वजन आहे. परंतु बंदुकीच्या पेटीचा इतिहास या श्रद्धेला सहजासहजी दुजोरा देत नाही.

आपल्या सैन्याची इन्सास रायफल १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी लोकांपुढे आली. तिची पेटी पारदर्शक प्लॅस्टिकची, किती काडतुसे उरली ते दिसावे म्हणून. कल्पना उत्तम होती. पुढच्याच वर्षी कारगिलच्या कडाक्याच्या थंडीत या पेट्यांना तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. तिथे नक्कल करणारा कोणी नव्हता. पेटी अधिकृतच होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये नेपाळात कालिकोट जिल्ह्यातील पिली येथे माओवाद्यांनी सैन्यतळावर हल्ला केला, तेव्हा दीर्घ गोळीबारात इन्सास रायफली नीट चालल्या नाहीत असे नेपाळी सैन्याने म्हटले, तर वापर व देखभाल योग्य नसावी असे भारताकडून सांगण्यात आले. दोष कुणाचा, हा वाद अशा प्रसंगी ठरलेलाच. बनवणारा वापरणाऱ्याकडे बोट दाखवतो, वापरणारा बनवणाऱ्याकडे.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ आणि एम-४ रायफलींना ॲल्युमिनियमची सरकारी पेटी मिळे आणि तिच्या ओठांविषयी, आतल्या तुकड्याविषयी तक्रारी जुन्याच होत्या. मॅगपुल नावाच्या खाजगी कंपनीने २००७ च्या सुमारास प्लॅस्टिकची पेटी बाजारात आणली. सैनिक स्वतःच्या खिशातून ती घेऊ लागले. २०१२ साली लष्करी यंत्रणेने अशा बाहेरच्या पेट्यांना मनाई केली. पण २०१६ च्या अखेरीस मरीन कोअरने हीच पेटी मान्य केली. बाहेरची वस्तू घरच्या वस्तूला सरस ठरली. याचे कारण तिच्या जन्मदात्यांनी आकाराची नक्कल केली नव्हती. अडकण्याची कारणे शोधून पेटी नव्याने घडवली होती आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून तीत पुन्हा पुन्हा सुधारणाही केल्या होत्या.

तेव्हा शिक्का मूळचा की बाहेरचा, या प्रश्नात उत्तर नाही. ते कुठे आहे, याची खूण मला आमच्या बँकेच्या दारात सापडली. एटीएममध्ये भरायच्या रोकडीची गाडी येते, तिच्यासोबत बारा बोअरची दुनळी घेतलेले एक रक्षक असतात. साताऱ्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बंदूक स्वतःची, परवानाही स्वतःचा. ओळख वाढल्यावर मी विचारले, "हवालदारसाहेब, आता पंप ॲक्शन मिळते, तिच्यात काडतुसेही जास्त मावतात. ही जुनी दुनळीच का?" ते म्हणाले, "सर, हिच्यात अडकायला आहे काय? मोडायची, दोन घालायची, मिटायची. पहिला चाप चुकला तर दुसरा आहे." थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, "आणि नवी घेतली तरी तपासणार कशी? परवान्यावर काडतुसं मोजून. ती उडवून बघू की गाडीबरोबर ठेवू?"

माझा मावसभाऊ नवी पेटी आणली की मैदानावर दोनशे काडतुसे उडवतो. एकही अडकले तरी ती पेटी बाद. तिसऱ्या उत्पादकाची ती देखणी पेटी त्याने याच नियमाने कचऱ्यात टाकली. तो स्वतः निवडतो, स्वतः तपासतो आणि फसलाच तर एक तबकडी चुकते. आमच्या हवालदारसाहेबांचे सारे उलटे आहे. चुकले तर जीव जाणार, आणि तपासण्याची ऐपत व मुभा दोन्ही नाही. म्हणून त्यांनी पेटीच नसलेली बंदूक पत्करली. हा अडाणीपणा नव्हे. उपलब्ध परिस्थितीत काढलेला अत्यंत तर्कशुद्ध निष्कर्ष आहे.

पोलीस शिपायाला तर तेवढीही निवड नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर उभ्या राहिलेल्यांपैकी काहींच्या हाती .३०३ होती. दहा काडतुसांची पेटी, आणि काडतुसाला बारा बोअरसारखीच बाहेर आलेली कड. भरताना क्रम चुकला तर अडकणारी. हातांना तो क्रम सरावानेच कळतो. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दाखवलेल्या उणिवांत सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याची टंचाईही होती. या उणिवेवर चर्चा कमी झाली, कारण ती दिसत नाही. नवी शस्त्रे संचलनात दिसतात. सरावात उडवलेली काडतुसे हिशेबाच्या वहीत केवळ खर्च म्हणून दिसतात.

भरवसा कुठल्या शिक्क्याबरोबर विकत मिळत नाही. ज्याच्या जिवावर बेतणार, त्याच्या हातून वस्तू पुन्हा पुन्हा पारखली गेली आणि त्याचे गाऱ्हाणे साचा बनवणाऱ्यापर्यंत पोहोचले, की तो हळूहळू साठत जातो. आपल्याकडे विकत घेणारा वेगळा असतो, निविदा तपासणारा वेगळा आणि भोगणारा तिसराच. या तिघांच्या मधली वाट बंद असेल तर ओरिजिनलही अडकते आणि लोकलही. मॅगझिन हे खजिन्याचे भावंड असेल, तर त्यात शेवटी काडतुसांबरोबर कुणीतरी केलेली चाचणी भरलेली असायला हवी. ती भरण्याचा खर्च कुणी करायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो शिपायाने सोडवायचा नाही.