शेक

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एकोणीस नावं आहेत. मार्गदर्शक मॅडम, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळवून देणारे सर, घरचे, खोलीवरच्या मैत्रिणी. ज्या माणसामुळे तो प्रबंध खोटा ठरता ठरता वाचला, तो मात्र ‘उद्यान विभागाचे कर्मचारी’ एवढ्यावर उरकला आहे.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मूळचे निपाणीकडचे. तरुणपण तंबाखूच्या शेतात शेंडे खुडण्यात गेलं, मग पुण्यात आले आणि आमच्या आवारातल्या हरितगृहाचे माळी झाले.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षवाल्यांच्या घरातली. थंडीत पारा उतरला की आजोबा पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे. मांडवाच्या खांबाला तापमापक टांगलेला असे. तो बघून झाला तरी आजोबा पान बोटांत धरून बघायचेच. “काटा हवेचं सांगतो, पानाचं नाही,” म्हणायचे. पुढे भौतिकशास्त्र शिकताना कळलं, की ते खरंच होतं. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. दिवसा गोष्ट वेगळी. मुळांना पाणी असेल तर पान बाष्प सोडून स्वतःला गार ठेवतं. तहानलं की पर्णरंध्रं मिटतात आणि ते तापू लागतं. पानाचं तापमान म्हणजे त्याच्या तहानेची खबर.

ती खबर पानाच्या आतून कशी काढायची, हा माझा विषय. अवरक्त कॅमेरा पानाची फक्त कातडी बघतो. तापयुग्माची तार आत घालायची तर पानाला भोक पडतं. म्हणून आम्ही चमकणारे कण वापरायचो. वीस-तीस नॅनोमीटरचे, सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे स्फटिक, त्यात थोडं इटर्बियम आणि चिमूटभर एर्बियम. त्यांच्यावर ९८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर टाकायचा. इटर्बियम तो प्रकाश गोळा करून एर्बियमला देतं, आणि एर्बियम सुटे पैसे देऊन नोट घ्यावी तसं दोन लहान हप्त्यांतून एक मोठा, हिरवा प्रकाशकण बाहेर टाकतं. हा व्यवहार फ्रान्समधल्या फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये उलगडून दाखवला.

पानासाठी ही युक्ती सोयीची असते. निळा प्रकाश टाकला तर हरितद्रव्य स्वतःच लाल चमकू लागतं आणि त्या गोंगाटात आपला कण हरवतो. ९८० ला हरितद्रव्य दाद देत नाही. शिवाय एर्बियमचा हिरवा प्रकाश ५२५ आणि ५४५ नॅनोमीटर अशा दोन पट्ट्यांत येतो. तापमान वाढलं की पहिला पट्टा दुसऱ्याच्या तुलनेत उजळतो; नेहमीच्या तापमानाला अंशामागे साधारण एक टक्का. कण कमी गेले की जास्त, याने फार बिघडत नाही, कारण मोजायचं असतं ते दोन पट्ट्यांचं गुणोत्तर.

हे सगळं मला पाठ होतं. पण पहिले दोन महिने एकही कण पानात धड जाईना. बिनसुईची सिरिंज तंबाखूच्या पानाच्या खालच्या बाजूला टेकवून द्रव आत ढकलायचा, असं निबंधांत लिहिलेलं. माझा द्रव बाहेरच ओघळायचा. मामा कुंड्या उचलता उचलता बघत होते.

“ताई, कवा टोचताय?”

“दुपारी. सकाळी यंत्र दुसऱ्यांकडे असतं.”

“दुपारी पान तोंड मिटतंय. पहाटं पानी पाजतो मी, ऊन चढायच्या आत या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले. पान टवटवीत, पाण्याने भरलेलं, रंध्रं उघडी. सिरिंजचं तोंड टेकवलं आणि रुपयाएवढा गडद ओला डाग पानात सरसर पसरला. कण पेशींच्या आत शिरत नाहीत, पेशीभित्तिकेची छिद्रं त्यांना अरुंद पडतात. पण पेशींच्या मधल्या पोकळीत ते जाऊन बसले. मला तेवढंच हवं होतं.

मग आकडे येऊ लागले. पानाखाली टेकवलेलं तापयुग्म सांगायचं २९ अंश, माझे कण सांगायचे ३३. रोज तोच फरक. पानाच्या पोटात चार अंशांची छुपी ऊब सापडली, असं मी धरून चालले. मॅडम बाहेरगावी होत्या. मी शोधनिबंधाचा मसुदाच लिहायला घेतला.

त्या दिवशी रोपावर धूळ बसली होती म्हणून मामांनी बारीक फवारा मारून ते माझ्याकडे दिलं. मी घाईत तसंच काळ्या पेटीत ठेवलं आणि मोजमाप घेतलं. लेसर बंद करून पेटी उघडली तेव्हा मामा दारातच होते. पान अजून ओलं होतं, बारीक थेंबांनी भरलेलं. फक्त मधोमध मसुरीएवढा एक गोल ठणठणीत कोरडा.

मामा वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढंच कसं वाळलं? ताई, तुमचा दिवाच शेकतोय पानाला.”

माझ्या पोटात खड्डा पडला. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी शोषतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं वाक्य होतं. आणि पान म्हणजे बहुतांशी पाणीच. मी तापमापकानेच पान तापवत होते आणि तो ताप पानाच्या नावावर लिहीत होते.

त्या रात्री लेसरची शक्ती निम्मी केली, मग पाव, मग आणखी कमी. प्रत्येक पायरीला ‘छुपी ऊब’ उतरत गेली आणि शेवटी तापयुग्माच्या आकड्याशी येऊन थांबली. मसुदा पुसून टाकला. पुढे कणांत निओडिमियम घालून ८०८ नॅनोमीटरचा लेसर वापरला. तिथे पाणी वीसेक पट कमी शोषतं. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण हेच आहे. त्यात समीकरणं आहेत, आलेख आहेत, ओल्या पानावरची मसूर नाही.

मामांना मी एकदा कण कशाचे ते सांगितलं होतं. स्वीडनमधलं इटरबी हे एक लहानसं गाव, तिथल्या खाणीतल्या दगडामुळे चार मूलद्रव्यांना त्या गावाचं नाव मिळालं, त्यातली तीन आपल्या या थेंबात आहेत. ते हसले. “एका गावाची चार नावं! आन् आमचं गाव यष्टीच्या पाटीवर बी न्हाई.” त्यांच्या गावाचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. प्रबंध छापायला गेला तेव्हा त्यांचं पूर्ण नावही मला माहीत नव्हतं, म्हणून तिथे ‘कर्मचारी’ आलं. ते निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा मी परगावी होते.

आता माझे विद्यार्थी लेसर लावतात. प्रत्येक पानाचं मोजमाप चार वेगवेगळ्या शक्तींवर घ्यायचं आणि आकडा स्थिरावल्याशिवाय वहीत चढवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. वहीत त्या रकान्यावर ‘मामा’ असं लिहिलेलं असतं. नवीन मुलं विचारतात, हे कशाचं लघुरूप आहे? ते लघुरूप नाही.