एक सही

या ग्रुपवर सगळे सुरसागर, मांडवी, दांडिया बाजारच्या वाड्यांच्या आठवणी लिहितात. माझी आठवण एका कागदाची आहे. पुतण्याला विचारूनच लिहितोय.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीचा १९७० चा बी. कॉम. पुढे जन्म बँकेत गेला. कर्जाला जामीन राहायला आलेल्या माणसाला मी हमखास विचारायचो, "काका, वाचलंत का कशावर सही करताय ते?" बहुतेक जण म्हणायचे, "तो आपलाच आहे हो." मग मी त्यांना समोर बसवून वाचायला लावायचो. या कडकपणाचा मला थोडा गर्वच होता.

२०१४ साली थोरल्या दादांच्या मुलाचा टोरांटोहून फोन आला. बडोद्यात त्याची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, आणि तो नि सूनबाई दोघंच तिचे संचालक. त्या वर्षी १ एप्रिलपासून नवा कंपनी कायदा लागू झाला होता. एक तरी संचालक आधीच्या वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला हवा, असं त्यात होतं. "काका, नुसतं नाव हवंय. तुम्हाला काही करायचं नाही."

डीआयआर-२ नावाचा कागद आला. संचालक व्हायला माझी संमती आहे, मी अपात्र नाही, असा मजकूर. खाली वडिलांचं नाव, पॅन, जन्मतारीख. व्यवसाय : सेवानिवृत्त. जुन्या कायद्यात साध्या प्रायव्हेट कंपनीच्या संचालकाला अशी संमती रजिस्ट्रारकडे द्यावी लागत नसे, आता ३० दिवसांत द्यावी लागते. म्हणजे हा कागद मुळात माझ्यासारख्यांना थांबून विचार करायला लावण्यासाठीच होता. मी तो चहाचा कप हातात धरून सही केला. ताळेबंद मागितले नाहीत. तो आपलाच होता ना!

दादांना कोण आनंद! खंडेराव मार्केटात भाजी घेतानासुद्धा सांगायचे, "आमचा धाकटा आता डायरेक्टर झालाय."

सप्टेंबर २०१७ मध्ये बँकेतल्या जुन्या मित्राचा फोन आला. "अरे, सरकारने अपात्र संचालकांची यादी लावलीय. तुझ्या नावाचा कोणी आहे बघ." कोणी कशाला, मीच होतो. देशभरात ३ लाखांहून जास्त माणसं त्या याद्यांत होती, पण मला एकच ओळ दिसत होती. सलग तीन वर्षं कंपनीने हिशेब आणि वार्षिक विवरण भरलं नाही, की तिचे संचालक पाच वर्षं अपात्र. पुतण्याने धंदा केव्हाच गुंडाळला होता. कंपनी मात्र कागदावर जिवंत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

गुजराती सीएकडे गेलो. म्हटलं, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने चष्म्यावरून बघितलं. "काका, सही तो तमारी ज छे ने?" माझंच वाक्य, फक्त गुजरातीत.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "वेळ लागेल." दोन दिवस जेवण गेलं नाही. पुतण्यावर फोनवर ओरडलो, तो मुकाट्याने ऐकत राहिला.

पुढे १ जानेवारी २०१८ पासून सरकारने माफीची योजना आणली. आमची कंपनी रजिस्टरमधून काढून टाकलेली नव्हती म्हणून तिचा फायदा मिळाला. ३०,००० रुपये योजनेचे, वर प्रत्येक फॉर्मची फी आणि विलंबशुल्क. पैसे पुतण्याने भरले. जुने व्हाउचर लावायला मात्र मीच महिनाभर बसलो. सगळं निस्तरल्यावर राजीनामा दिला. राजीनाम्यानंतरही आपल्या काळातल्या चुकांची जबाबदारी सुटत नाही, हे कलम या वेळी दोनदा वाचलं.

दादांना आम्ही दोघांनीही कळू दिलं नाही. संध्याकाळी गॅलरीत बसले की ते विचारायचे, "काय डायरेक्टरसाहेब, कंपनी कशी चाललीय?" मी म्हणायचो, "छान चाललीय, दादा." २०२१ मध्ये ते गेले. पुतण्या दिवसांना आला तेव्हा त्यांच्या कपाटात माझं व्हिजिटिंग कार्ड सापडलं. त्यांनी हौसेने छापून घेतलेलं, 'डायरेक्टर' ठळक अक्षरांत. शंभरातली साठेक वाटलेली होती.

उरलेली माझ्याकडे आहेत. मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहितो.