बहिणींची भाऊबंदकी

अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थिनींच्या संघटनांना, म्हणजे सोरॉरिटींना, ग्रीक अक्षरांची नावे असतात. १७७६ साली विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून ही प्रथा चालत आली. ‘सोरॉरिटी’ हा शब्द मात्र लॅटिन. आरंभीच्या अनेक विद्यार्थिनी-संघटना स्वतःला ‘फ्रॅटर्निटी’च म्हणवीत, स्त्रियांच्या अशा मंडळासाठी वेगळा शब्द रूढच नव्हता. १८८२ साली सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटा या संघटनेसाठी ‘सोरोर’, म्हणजे बहीण, यावरून तो सुचवला. साहित्याच्या विद्यार्थिनी म्हणून आम्हा दोघींना ही व्युत्पत्ती फार आवडे. मराठीतही भाऊबंदकी आहे, बहीणबंदकी नाही, असे आम्ही एकमेकींना ऐटीत सांगत असू. भाऊबंदकी या शब्दाचा रूढ अर्थ काय होतो, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरलो होतो.

आम्ही दोघी, एक पुण्याहून गेलेली आणि एक न्यू जर्सीत वाढलेली, मध्य-पश्चिमेकडील एका विद्यापीठात अशाच एका सोरॉरिटीच्या सदस्य झालो. त्या घराने आम्हाला जे दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तापात उशाशी बसणाऱ्या मुली तिथे भेटल्या; निबंधाचा कच्चा खर्डा रात्री दोनला वाचून देणाऱ्याही तिथेच भेटल्या. पण त्याच घरात, आमच्या दुसऱ्या वर्षी, नव्या मुलींना तळघरात रात्रभर उभे करून संस्थापिकांची नावे घोकून घेतली गेली. चुकलेल्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तिकडे याला हेझिंग म्हणतात, आपल्याकडे रॅगिंग. संघटनेच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई होती. पहाटे त्यांतली एक मुलगी कोसळली. नावांची यादी आमच्या हातात होती. ‘आपणही हे सोसलंच की’ एवढे आम्ही एकमेकींना म्हटले आणि गप्प राहिलो. सत्र संपण्याआधी ती मुलगी घर सोडून गेली.

सोरॉरिटीचे सदस्यत्व आजन्म असते, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. प्रत्यक्षात पदवीनंतर आमचा संबंध वर्गणी आणि वार्षिक स्नेहभोजन एवढाच उरला. बारा वर्षांनी एकदा त्या शाखेच्या अध्यक्षेचा फोन आला. मराठी घरातली मुलगी. आम्हाला ताई म्हणते. “ताई, तळघराचा प्रकार आम्हाला बंद करायचाय. पण जुन्या सदस्या म्हणतात, परंपरा मोडू नका. तुमच्या वेळी हे होतं का?”

प्रश्न साधा होता, आणि उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले.

ज्येष्ठांचा आजन्म सहभाग ही निखळ चांगली गोष्ट असतेच असे नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अलाबामा विद्यापीठातील ‘द क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थी-वृत्तपत्राने उघड केले की, उत्तम गुणवत्तेच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला तेथील सोरॉरिटींनी नाकारले होते. तिला घेऊ पाहणाऱ्या मुलींना अडवणाऱ्यांत माजी सदस्याही होत्या. मुली धीटपणे बोलल्या, बातमी देशभर गेली, तेव्हा विद्यापीठाला प्रवेशाची प्रक्रिया पुन्हा खुली करावी लागली. याउलट हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली अल्फा कॅपा अल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. डेल्टाच्या सदस्या दोन महिन्यांच्या आतच, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमधील स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. या संघटनांत पदवीधरांच्या स्वतंत्र शाखा असतात. शिष्यवृत्त्या, मतदारनोंदणी अशी कामे त्या वर्षानुवर्षे करतात. अलाबामात ज्येष्ठांनी कोणाला आत घ्यायचे ते ठरवले. इथे ज्येष्ठा स्वतः कामाला लागतात.

आम्ही गेलो. बैठकीत परंपरेवर भाषण केले नाही. ती रात्र सांगितली. यादी आमच्या हातात होती, हेही सांगितले. एक ज्येष्ठ सदस्या मध्येच उठून गेल्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या ओळीतून दुसऱ्या एकीने आपल्या वेळची रात्र सांगायला सुरुवात केली. तळघराचा प्रकार त्या वर्षी थांबला.

आता कायदाही मदतीला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने महाविद्यालयांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी जाहीर करणे बंधनकारक केले आहे. पण नोंद होण्यासाठी आधी कोणीतरी सांगावे लागते. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने सांगायचे कोणाला? आमच्या मते ज्येष्ठ सदस्येचे खरे स्थान तिथे आहे. आज आम्ही त्या शाखेचे हिशेब तपासतो, नोकरीचे अर्ज वाचून देतो, आणि रात्री फोन आला तर उचलतो. नव्या मुली कोणाला निवडतात, यात बोलत नाही.

घर सोडून गेलेल्या त्या मुलीला आम्ही पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि ते मागण्याचा अधिकारही आम्हाला नाही. संघटनेच्या वहीत तिचे नाव नाही, तेव्हा नियमाने ती आमची कोणी लागत नाही. या आजन्म नात्यातले आमचे पहिले देणे मात्र तिचेच आहे.