कढीपत्त्यावरचे मोती

चिंचवडमधील एका घराच्या गच्चीवर कढीपत्त्याचे झाड आहे. ते पत्नीने लावले होते. ती गेल्यापासून त्याला पाणी घालण्याचे काम शेठजींनी कोणावर सोपवले नाही. चाकणच्या कारखान्यांना बोल्ट आणि बेअरिंग पुरवण्यात त्यांचे आयुष्य गेले. झाडाझुडपांचे ज्ञान त्यांना बेताचेच.

यंदाच्या पावसाळ्यात कोवळी पालवी कुरतडलेली दिसू लागली. मुलगा फवारणीचे औषध घेऊन आला. बाटली उघडण्यापूर्वी शेठजींनी आटे तपासण्याचे भिंग काढून एक पान डोळ्यांजवळ धरले. पानाच्या कडेला फिकट पिवळा, मिलिमीटरभर आकाराचा मोती चिकटलेला होता. गुळगुळीत आणि अगदी गोल. लिंबाच्या कुळातील झाडांवर येणाऱ्या फुलपाखराचे ते अंडे होते. ज्या घरात या शब्दाचा उच्चारही कधी होत नसे, तेथे शेठजी त्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

मग ते भिंग त्यांच्या खिशातच राहू लागले. चाकणच्या रस्त्याकडेला रुईच्या पानाखाली त्यांना दुसरे अंडे दिसले. ते उभट, रुपेरी, वर निमुळते असून त्यावर तळापासून शेंड्यापर्यंत बारीक उभ्या कडा होत्या. पातळ पत्र्याला पन्हळी दिली की तो ताठ राहतो, हे त्यांना ठाऊक होते. येथे तेच काम कोणत्याही साच्याशिवाय झालेले होते. नीळ कुळातील लहान फुलपाखरांची अंडी चपटी असतात आणि त्यांवर जाळीदार नक्षी असते. कवचाच्या माथ्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे छिद्र असते. फलनासाठी बीज त्यातूनच आत शिरते. इतर सूक्ष्म छिद्रांतून हवा खेळते, तर कवचाच्या आतला मेणाचा थर ओलावा टिकवतो. श्वास चालू राहावा आणि ओल उडू नये, हा दुहेरी हिशेब एवढ्याशा कवचाने जुळवलेला असतो.

जैन शास्त्रानुसार फुलपाखरू हा चौरिंद्रिय जीव. शेठजींनी हे लहानपणी पाठ केले होते. भिंगाखाली ते प्रथमच दिसले. पण झाडही पत्नीचे होते. दोन दिवस बाटली कठड्यावर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवले की चातुर्मासात ती स्वतःच कढीपत्ता तोडत नसे. हे चार महिने झाड घराचे नव्हतेच. त्यांनी बाटली मुलाला परत करायला सांगितली.

पुढे अंडे काळपट झाले. एका सकाळी त्यातून इवलीशी अळी बाहेर आली आणि पानाला तोंड लावण्याआधी तिने आपले कवचच खाऊन टाकले. शेठजींनी भिंग पुसून खिशात ठेवले आणि नेहमीप्रमाणे झाडाला तांब्याभर पाणी घातले.